महिंद्रा अँड महिंद्रामधला दुसरा ‘महिंद्रा’ आधी मोहम्मद होता. भारतात जीप आणणाऱ्या केसींची गोष्ट

तुम्ही कधी शहाद्याहून तोरणमाळला गेला असाल तर सात पायऱ्यांचा घाट तुम्हाला माहीत असेल. नसाल गेला तर एवढंच समजा, की एका वळणावर गाडी वळवून होत नाही तोवर दुसरं वळण डोक्यावर दिसायला लागतं. तळोद्याहून धडगावला नेणारा चांदसैली घाट तसाच आणि अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना लागणारा देवगोईचा घाटही तसाच. नंदुरबार जिल्ह्याचा हा सगळा सातपुड्याचा भाग. इथं बाजाराच्या दिवशी एसटीपेक्षा जास्त भरवसा काळीपिवळीवर असतो. आत माणसं, मागे माणसं, टपावर पोती, कोंबड्या आणि पुन्हा माणसं.

मी लहानपणी याच काळीपिवळीत ड्रायव्हरच्या शेजारी, गिअरच्या दांड्याला गुडघे चिकटवून बसायचो. इंजिनांचं वेड तिथंच लागलं. शहराकडचे मित्र गाडी किती पळते ते विचारतात, आमच्याकडचे ड्रायव्हर ती पहिल्या गिअरमध्ये किती दम धरते ते विचारतात. गाडीकडं बघायच्या या दोन वेगळ्या नजरा आहेत. त्यातली दुसरी ज्या माणसाला 1945 च्या आसपास अमेरिकेत बसून सापडली, त्याची ही गोष्ट.

त्यांचं नाव कैलाशचंद्र महिंद्रा. सगळे त्यांना केसी म्हणायचे.

महिंद्रा कुटुंब मूळचं पंजाबातल्या लुधियान्याचं. घरात नऊ भावंडं. सगळ्यात थोरले जगदीशचंद्र म्हणजे जेसी, जन्म 1892 चा. केसी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान. वडील लवकर गेले आणि घराची जबाबदारी जेसींवर आली. त्यांनी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षण घेतलं. भावाबहिणींना मार्गी लावायचं काम त्यांनीच केलं. केसी लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकले आणि तिथून थेट केंब्रिजला गेले. आज महिंद्रा म्हटलं की आपल्याला आनंद महिंद्रांचं ट्विटर आठवतं, पण या सगळ्याच्या मुळाशी बाप नसलेल्या घरातला एक थोरला भाऊ आहे. आनंद महिंद्रा हे केसींचे नातू.

पुढं जेसी टाटांच्या पोलाद कंपनीत गेले आणि विक्रीचं काम बघता बघता वरिष्ठ पदावर पोचले. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सरकारने त्यांना देशाचं पोलाद नियंत्रक केलं. देशात कुणाला किती पोलाद मिळणार हे ठरवणारी ती खुर्ची होती.

केसींचा रस्ता वेगळा. इंग्लंडमध्ये त्यांनी काही काळ नोकरी केली, मासिकाचं संपादन केलं आणि मग कलकत्त्याच्या मार्टिन अँड कंपनीत आले. कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियल बांधणारी हीच कंपनी. मोठी रेल्वे जिथं जात नव्हती तिथं अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वे टाकण्याचं कामही ती करायची. या कंपनीचे सर्वेसर्वा सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांचं चरित्र केसींनी लिहिलं, ते 1933 मध्ये आलं. उद्योगपतींची चरित्रं दुसरे लोक लिहितात, इथं होणाऱ्या उद्योगपतीने आधी दुसऱ्याचं लिहून ठेवलं होतं. मला उगाच वाटतं, की मोठी लाइन जिथं संपते तिथून पुढं माणूस कसा जाणार, हा विचार त्यांच्या डोक्यात मार्टिनमध्येच शिरला असावा. याला पुरावा काही नाही, आपला एक अंदाज.

1942 साली केसींना अमेरिकेत पाठवलं गेलं. युद्धासाठी भारताला जे सामान अमेरिकेकडून लागत होतं ते मिळवण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये इंडिया सप्लाय मिशन होतं. केसी त्याचे प्रमुख झाले. तिथं त्यांना जीप भेटली.

आता केसींना थोडं बाजूला ठेवून जीपचं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

1940 च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ताकद जाणारी, कुठंही घुसेल अशी गाडी हवी होती. त्यांनी 135 कंपन्यांना विचारलं. मुदत इतकी तुटपुंजी होती की बहुतेकांनी हात वर केले. अमेरिकन बँटम नावाच्या, जवळपास बुडालेल्या एका छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट नावाचा इंजिनिअर बोलावला. त्याने दोन दिवसांत आराखडा काढला आणि सप्टेंबरमध्ये पहिली गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. पण एवढ्या मोठ्या ऑर्डरचा भार या कंपनीला पेलेल असं लष्कराला वाटलं नाही. मग विलिस ओव्हरलँड आणि फोर्ड या दोघांनाही त्यात उतरवलं गेलं.

विलिसने बाजी मारली ती इंजिनावर. त्यांचा मुख्य इंजिनिअर होता डेल्मर रूस, लोक त्याला बार्नी म्हणायचे. विलिसकडं चार सिलिंडरचं, सुमारे 2200 सीसीचं एक जुनं इंजिन होतं. ते 48 हॉर्सपॉवर द्यायचं आणि जरा ताणलं की मोडायचं. रूसने त्याच्यावर काम करून ते 60 हॉर्सपॉवरपर्यंत नेलं आणि टिकाऊ बनवलं. त्याला नाव मिळालं गो डेव्हिल.

60 हॉर्सपॉवर म्हणजे आजच्या एखाद्या छोट्या हॅचबॅकएवढी ताकद. मग त्यात विशेष काय?

विशेष आहे ते सिलिंडरच्या आकारात. या इंजिनाचा पिस्टन रुंदीला सुमारे 79 मिलिमीटर, पण वरखाली सरकायचा तो तब्बल 111 मिलिमीटर. असं लांब अंतर कापणारं इंजिन फार वेगाने फिरू शकत नाही, पण हळू फिरतानाच ते मोठा पीळ देतं. घट्ट बसलेला नट आखूड पान्याने हलत नाही आणि लांब पान्याने सहज सुटतो, तसंच हे. गो डेव्हिलची सगळ्यात जास्त ओढ मिनिटाला साधारण 2000 फेऱ्यांनाच मिळायची. त्यात जीपला दुसरा छोटा गिअर. तो टाकला की चाकांचा वेग जवळपास निम्म्यावर यायचा आणि ओढ दुप्पट व्हायची. चिखलात, चढावर, नदीच्या गोट्यांवर गाडीला वेग लागतच नाही. तिथं चाक सावकाश फिरावं लागतं आणि अडू द्यायचं नसतं.

माझं स्पष्ट मत आहे, की ऑफ रोड गाडी हॉर्सपॉवरच्या आकड्यावरून घेणारा माणूस फसतो. आज दोनशे हॉर्सपॉवरच्या, उंच दिसणाऱ्या, पण फक्त पुढच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्या एसयूव्ही म्हणून विकल्या जातात. त्या पहिल्या पावसात तोरणमाळच्या पुढं सीताखाईच्या बाजूला कच्च्यात उतरवून बघाव्यात. असो.

युद्धात विलिस आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. आसाममधून चीनकडं काढलेल्या लेडो रोडवरही त्या धावल्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या काही भारतातच राहिल्या, डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या आणि इथल्या लोकांना पहिल्यांदा जीप माहीत झाली.

तर, केसी तेव्हा अमेरिकेत होते आणि बार्नी रूसशी त्यांची तिथं गाठ पडली असं सांगितलं जातं. ही गाडी आपल्या देशासाठीच बनली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्या काळात भारतात गाडीचा कारखाना काढायचं म्हणजे मोटार, हाच विचार होता. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स 1942 ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 ची. दोघांचा भर मोटारी आणि ट्रकवर. आणि ते चुकीचं नव्हतं, मुंबई-कलकत्त्यात मोटार घेणारा माणूस होता. पण मोटारीला आधी रस्ता लागतो. तेव्हा आपला नंदुरबार पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता. ताप्तीच्या खोऱ्यातून रेल्वे गेलेली होती, पण अक्राणी महालात जायचं तर पाय किंवा घोडं. देशाचा मोठा भाग असाच होता. केसींनी रस्ता असलेल्या भारताऐवजी रस्ता नसलेला भारत धरला. माझ्या मते त्यांचा खरा मोठेपणा हाच.

2 ऑक्टोबर 1945 ला कंपनी सुरू झाली. जेसी आणि केसी हे दोघे भाऊ आणि तिसरे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. कंपनीचं नाव ठेवलं महिंद्रा अँड मोहम्मद. धंदा पोलादाच्या व्यापाराचा.

गुलाम मोहम्मद लाहोरचे, अलीगढला शिकलेले, हिशेबात पक्के. निजामाच्या हैदराबाद संस्थानात त्यांनी अर्थखातं सांभाळलं होतं. हिंदू आणि मुसलमान भागीदारांनी, दोघांची नावं पाटीवर लावून, फाळणीच्या दोन वर्षं आधी कंपनी काढावी, हे आज वाचताना वेगळंच वाटतं. पुढं काय होणार हे आपल्याला माहीत असतं, त्यांना माहीत नव्हतं.

1947 आलं आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. साधे नाही गेले, ते त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. 1951 मध्ये तर गव्हर्नर जनरल झाले आणि 1954 मध्ये त्यांनी पाकिस्तानची संविधान सभाच बरखास्त करून टाकली. तिथल्या लोकशाहीला लागलेल्या पहिल्या मोठ्या धक्क्यामागं मुंबईतल्या एका पोलाद कंपनीचा जुना भागीदार होता.

इकडं कंपनीच्या नावाचं काय करायचं हा प्रश्न. 1948 मध्ये नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा केलं. याबद्दल एक किस्सा सांगितला जातो, की एम अँड एम छापलेले कागद भरपूर पडून होते, ते वाया जाऊ नयेत म्हणून दुसऱ्या एमच्या जागी पुन्हा महिंद्राच आला. खरं-खोटं काहीही असो, आज बोनटवर जे नाव वाचतो त्यातल्या दुसऱ्या शब्दाखाली फाळणी दबलेली आहे.

केसी या काळात फक्त धंदाच करत नव्हते. 1946 मध्ये कोळसा खाणींची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीचे ते अध्यक्ष होते. ती समिती महिंद्रा समिती म्हणूनच ओळखली जाते.

मग जीप आली. विलिसशी बोलणी होऊन पहिल्या खेपेत 75 गाड्या सुट्या भागांच्या रूपात आल्या. 1949 मध्ये मुंबईत माझगावला त्या जोडायला सुरुवात झाली. गोदीपासून जवळ, पेट्या उतरवा, उघडा आणि जोडा.

बरोबर याच काळात जीप हा शब्द देशभर बदनामही झाला होता. 1948 मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी एका परदेशी कंपनीशी जीपचा 80 लाखांचा करार केला. बहुतेक पैसे आधी दिले गेले, गाड्या आल्या 155, आणि त्याही वापरण्यालायक नव्हत्या. स्वतंत्र भारताचा पहिला घोटाळा म्हणून तो ओळखला जातो. त्याचा महिंद्रांशी काही संबंध नाही. पण यातून एक गोष्ट सरळ दिसते. डोंगरात लढायचं तर ही गाडी हवीच होती आणि बाहेरून मागवली की कुणाच्या तरी मर्जीवर राहावं लागत होतं.

1951 मध्ये जेसी गेले. ज्याने सगळ्या घराला उभं केलं तो भाऊ जीपचा जम बसायच्या आत गेला. आता सगळा भार केसींवर.

दोनच वर्षांनी मोठा पेच आला. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं, की नुसत्या पेट्या उघडून गाड्या जोडणाऱ्यांनी भारतातच सुटे भाग बनवायचा कार्यक्रम द्यावा, नाहीतर दुकान बंद करावं. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला 1928 पासून कारखाना होता. त्यांनी आणि फोर्डनेही गाशा गुंडाळला. जगातल्या दोन सगळ्यात मोठ्या कंपन्या निघून गेल्या. पेट्या उघडणारे केसीही होतेच, त्यांनाही जाता आलं असतं, पोलादाचा व्यापार चालूच होता. त्यांनी थांबायचं ठरवलं. विलिसशी करार करून एकेक भाग इथं बनवायला घेतला.

जी गाडी इथं रुजली ती विलिसची सीजे थ्री बी. हिचं बोनट जुन्या जीपपेक्षा उंच. दिसायला जरा बेढबच, पण त्याला कारण आहे. गो डेव्हिलमध्ये सगळे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असायचे. नव्या हरिकेन इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. इंजिनाला श्वास घ्यायला सोपं झालं, ताकद सत्तरच्या पुढं गेली, पण उंची वाढली. मग बोनट उचलावं लागलं. अमेरिकेत ही गाडी केव्हाच बंद पडली, आपल्याकडं तिचे वंशज नवं शतक उजाडलं तरी निघत होते.

जुन्या लोकांना विचारा, जीप म्हणजे काय. ते सांगतील, जीप म्हणजे सरकार. कलेक्टरची जीप, फॉरेस्टवाल्यांची जीप, बीडीओची जीप, निवडणुकीत भोंगा लावलेली जीप. गावात जीपचा आवाज आला की कुणीतरी लपायचं आणि कुणीतरी अर्ज घेऊन धावायचं. सातपुड्यात फॉरेस्टची जीप म्हणजे बहुतेक वेळा लपायचंच काम. केसींनी रस्ता नसलेला भारत धरला हे खरं, पण त्यांच्या हयातीत त्या भारतात जीपमधून गेला तो साहेब. तिथला माणूस जीपमध्ये बसला तो पुष्कळ नंतर, तेही भाडं देऊन.

आणखी एक तक्रार नोंदवायलाच हवी. परवान्यांच्या राज्यात स्पर्धा नव्हती. त्यामुळं एकदा जमलेली गाडी वर्षानुवर्षं तशीच निघत राहिली. हरिकेन इंजिन पेट्रोल असं प्यायचं की सरकारी खात्याशिवाय कुणाला परवडणं अवघड होतं. पाट्यांचा धक्का कमरेला बसायचा तो वेगळाच. दोष केसींचा किती आणि धोरणांचा किती हे वाटून घ्या, पण जीपप्रेमींनी हे लपवू नये.

पैशांच्या बाबतीत केसींनी एक काम लवकर केलं. 1953 मध्ये त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट काढला. परदेशात पुढचं शिक्षण घेऊ पाहणाऱ्या मुलांना त्या ट्रस्टची शिष्यवृत्ती आजही मिळते.

1963 मध्ये केसी गेले. त्यांच्यानंतर जेसींचे चिरंजीव केशुब महिंद्रा अध्यक्ष झाले आणि 2012 पर्यंत राहिले. म्हणजे थोरल्याने धाकट्याला वर आणलं आणि धाकट्यानंतर खुर्ची थोरल्याच्या मुलाकडं गेली.

आणि त्याच 1963 मध्ये आणखी एक गोष्ट झाली, जी आमच्या काळीपिवळीसाठी जीपइतकीच महत्त्वाची ठरली. महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली. पहिला ट्रॅक्टर बी 275. त्याचं डिझेल इंजिन शेतात राबण्यासाठी बनवलेलं, संथ आणि दणकट.

पेट्रोल महागलं तेव्हा जीपला डिझेल इंजिन हवं झालं आणि ट्रॅक्टरच्या या घराण्यातलं इंजिन जीपमध्ये आलं. पुढं फ्रान्सच्या प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल इंजिनही आलं. प्यूजोवाल्या गाड्या आवाजाला मऊ, रस्त्यावर बऱ्या. पण डोंगरात मी ट्रॅक्टरच्या वंशातल्या डीआय इंजिनाच्या बाजूने आहे. ते थरथरतं, बोंबलतं, आरसा कधी स्थिर राहू देत नाही. पण डिझेलला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळं ओढ्याचं पाणी उडालं म्हणून ते पेट्रोलसारखं गप्प होत नाही. आणि बिघडलंच, तर शहाद्याच्या उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा कुठलाही मिस्तरी ते खोलू शकतो. ज्या गावापासून गॅरेज चाळीस किलोमीटरवर आहे, तिथं इंजिनाचा सगळ्यात मोठा गुण हाच.

एक गंमत मात्र सांगतो. आमच्याकडं धावणाऱ्या काळीपिवळीत कमांडर, ट्रॅक्स, मॅक्स, क्रूझर असं सगळं असतं, पण त्यातल्या बहुतेक गाड्यांना फोर व्हील नसतंच. मागच्या दोनच चाकांवर त्या घाट चढतात. फोर व्हीलचा दुसरा दांडा मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजला गेल्यावर, एका हौशी माणसाच्या चकचकीत जीपमध्ये, पुण्याच्या डांबरी रस्त्यावर.

मध्यंतरी मी धडगावच्या पुढं गेलो होतो. एका पाड्याच्या अलीकडं रस्ता संपला, तिथं आमची गाडी थांबली. समोरून चार माणसं खांद्यावर बांबू आणि झोळी घेऊन येत होती. झोळीत एक बाई होती, तिला मोलगीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. आमच्याकडं याला बांबुलन्स म्हणतात. ड्रायव्हरने काही न बोलता मागची सीट मोकळी केली, आम्ही टपावर बसलो आणि त्याने पहिला गिअर टाकला.